शंभर हजार

हळदोण्याच्या पतसंस्थेची तपासणी, दिवस तिसरा.
आकडे जुळेनात, पंखा फिरेना.
संध्याकाळी खोलीकडे परतताना
उतारावरच्या एका बाल्कांवातून
सत्तरीची गोरी बाई हात हलवून म्हणाली, ये.
मी मागे वळून पाहिलं.
मागे कुणी नव्हतं.

डर्वला तिचं नाव. आयर्लंडातल्या क्लेअरची.
अकरा वर्षं कायतानच्या घरात भाड्यानं.
गुरुवारी दार उघडं:
वाद्य असेल त्यानं वाद्य आणावं,
नसेल त्यानं कान.

चहा घेशील? नको.
थोडासा? नको, खरंच.
अगं, घोटभर!
बरं, घोटभर.
ती खळखळून हसली. आमच्याकडंही तीनदाच, म्हणाली,
पहिल्याच 'नको'ला किटली खाली ठेवणाऱ्याला
आमचं गाव विसरत नाही.

तिच्या जुन्या भाषेत 'हो' नाही, 'नाही'ही नाही.
बसशील? बसेन.
खाशील? खाईन.
विचारलेलं क्रियापदच परत द्यायचं,
शेजारणीची वाटी रिकामी देऊ नये
तशी काहीतरी घालून.

पाव तिचा स्वतःचा, ताकात मळलेला,
वरून सुरीनं फुली मारलेली
(आतली भुतं बाहेर पडावीत म्हणून, ती गंभीरपणे).
लोण्याचा थर असा की दात उमटावेत.
मार्च होता. घरभर काजूच्या बोंडांचा वास,
व्हिस्कीच्या बाटलीत हुर्राक,
लिंबू, मीठ, उभी चिरलेली मिरची.

दारावर चुन्यानं लिहिलेलं मी विचारलं.
केद मीला फॉल्चा, तिनं वाचलं. शंभर हजार स्वागतं.
शंभर हजार? मी म्हटलं. लाख म्हणा की,
आमच्याकडं त्याला एकच शब्द आहे.
लाख, ती म्हणाली.
लाख.
खडीसाखरेसारखा जिभेवर फिरवला तिनं.

मग तिच्या भाच्यानं, कोनलनं, फिडल काढलं.
कधी सुरू झालं ते कळलंच नाही,
कुणी घसा खाकरला नाही, कुणी नाव सांगितलं नाही,
बोलणं चालू होतं त्याच्या खालून सूर वर आला.
पेडण्याचा खेमलो मांडीत घुमट घेऊन
दोन आवर्तनं नुसता मान हलवत राहिला,
तिसऱ्याला शिरला. कोनलनं भुवई उचलली,
तेवढीच ओळख पुरली त्यांना.

तू, डर्वला माझ्याकडे वळली.
मला येत नाही.
थोडंसं? नाही हो.
अगं, दोन ओळी!
तिसरी वेळ होती. मी अडकले.

आतेच्या ओव्या. पहाटे अंथरुणातून ऐकलेल्या,
आता तिच्या जात्याच्या पाळीवर तुळशीची कुंडी आहे.
दोन ओळी आल्या. तिसरी येईना.
डोळे मिटलेले, तर कुणीतरी हात धरला
आणि सावकाश गोल फिरवायला लागलं.
त्यांच्याकडं गाणाऱ्याचा हात असाच धरतात,
हे मला नंतर कळलं.
तेव्हा फक्त एवढंच:
खुंट्यावर दोन बायकांचे हात,
समोर बसलेली ओढतेय, मी लोटतेय,
आणि तिसरी ओळ
पीठ पडावं तशी आपोआप.

माझा आवाज चांगला नाही. टाळ्या झाल्या नाहीत.
इनासबाबनं फक्त माझा पेला भरला.

निघायला पाऊण तास लागला.
पायरीवर एकदा, फाटकाशी एकदा,
रस्त्यावर आल्यावर ती पाव घेऊन मागून आली म्हणून एकदा.
जाते म्हणायचं नसतं, तिला सांगितलं,
येते म्हणायचं.

सकाळी पतसंस्थेत खतावणी उघडली,
फाइलवर पावाचा भुगा.
शाखाधिकारी विचारत होते, बाई, हे 'येणे' कुठं दाखवायचं?
मी बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले.